डावा कोपरा, दोनशे सपाटे आणि राखीव बाक

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी नुसती वाचत असते. आज विचारायचंच म्हणून लॉगिन केलं (पासवर्ड आठवण्यात अर्धा तास गेला, ते जाऊ दे).

माझी मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावी. चार वर्षं झाली कबड्डी खेळतेय. आम्ही ऐरोलीत राहतो, सराव घणसोलीला एका मंडळाच्या मैदानावर, आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेपाच ते आठ. मध्ये फक्त रबाळे स्टेशन, पण त्या वेळेला ठाण्याहून भरून आलेल्या गाडीत दप्तर आणि नी-कॅपची पिशवी घेऊन ती कशी चढते ते तिचं तिलाच माहीत. शिवाय सकाळी पाचला सोसायटीच्या गच्चीवर दोनशे सपाटे, शंभर बैठका, दोरीच्या उड्या. मी खाली पोळ्या लाटत असते आणि वरून धपधप ऐकू येत असते. सर्वात वरच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा तक्रार टाकली. तरी एक दिवस चुकवत नाही. गणपतीतसुद्धा नाही.

ती डावा कोपरा खेळते, बचावातली सगळ्यात डावीकडची जागा. म्हणजे खेळायला हवी. दोन मोसम राखीव बाकावर आहे. तिच्या जागी जी खेळते ती घणसोली गावातलीच पोरगी. सरावाला पंधरा-वीस मिनिटं उशिरा येणार, वॉर्म-अपला टंगळमंगळ, सपाटे सांगितले की हिचं पोट दुखतं. आणि सामन्यात असा घोटा धरते की पंचसुद्धा क्षणभर बघत राहतात. गेल्या महिन्यात ठाण्याला स्पर्धा होती. एका सामन्यात तिच्या चार पकडी. माझी आत गेली शेवटची तीन मिनिटं, तेही दोन लोण चढवून (समोरचा अख्खा संघ दोनदा बाद करून) सामना खिशात आल्यावर. समोरचीच्या पहिल्याच चढाईत बाद.

येताना गाडीत गप्प होती. ऐरोलीचा पूल चढताना म्हणाली, "आई, मी अजून किती करू?" मला उत्तर आलं नाही.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मेहनती आहे हो तुमची, पण काही गोष्टी उपजत असतात, त्याला आपण काय करणार?" तो 'उपजत' माझ्या डोक्यातून जात नाहीये.

सासूबाई म्हणतात, दहावी आहे, सोडव. नवरा म्हणतो, तिला ठरवू दे (म्हणजे त्याला ठरवायचं नाहीये). तुम्ही सांगा, उपजत नसेल तर मेहनतीने किती भरून निघतं? की मी पोरीला उगाच राबवतेय?

खारा_दाणा

स्पष्ट बोलतो, राग नको. खेळात सत्तर टक्के नशीब. कोणाच्या पोटी जन्मलात, निवड समितीत कोण बसलंय आणि त्या दिवशी तुमचा गुडघा कसा आहे. माझा भाचा आठ वर्षं क्रिकेटची बॅग वाहून आता विमा विकतो. दहावी होऊ दे आधी.

दमसास_पंत

दाणेसाहेब, ते सत्तर टक्के कुठून आणले? असो.

ऐरोलीच्या आई, 'उपजत' हा शब्द अगदीच खोटा नाही. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेली कुटुंबंच्या कुटुंबं गोळा केली, आईवडील आणि त्यांची मोठी मुलं, आणि सगळ्यांकडून वीस आठवडे ठरावीक मापाने सायकल मारून घेतली. आधी आणि नंतर दमसास मोजला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, त्यात सरासरी ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढ झाली. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य आणि काहींची एक लिटरच्या वर! आणि हा फरक घराण्याघराण्यांत दिसत होता. म्हणजे घाम सारखाच गाळला तरी पदरात पडणारं माप सारखं नसतं. हे कटू आहे, पण आहे.

आता याची दुसरी बाजू. २००७ ची ओसाकाची जागतिक मैदानी स्पर्धा, पुरुषांची उंच उडी. एकीकडे स्वीडनचा स्टेफान होल्म, अथेन्सचा ऑलिंपिक विजेता, पोरवयापासून उंच उडीच करत आलेला. दुसरीकडे बहामाचा डोनाल्ड थॉमस, मूळचा बास्केटबॉलवाला, उंच उडी सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालेलं. थॉमस २.३५ मीटरवर जिंकला, होल्म चौथा. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पुढे थॉमसने वर्षानुवर्षं सराव केला आणि त्याची सर्वोत्तम उडी झाली २.३७. दोन सेंटिमीटर! होल्मची स्वतःची उंची १.८१ मीटर, उंच उडीवाल्यांत बुटकाच, आणि तो इनडोअर २.४० वरून गेलेला आहे. आता यातला उपजत कोण ते तुम्हीच ठरवा.

मला खरी काळजी वाटली ती तुमच्या वेळापत्रकाची. आठला सराव सुटतो, घरी येऊन जेवण, दहावीचा अभ्यास आणि पहाटे पाचला गच्ची. ही मुलगी झोपते कधी? 'दहा हजार तास सराव केला की माणूस तरबेज होतो' हे सगळ्यांना पाठ असतं. मूळ अभ्यास १९९३ चा, बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. त्यात सर्वात चांगले वादक रियाज जास्त करत होते, तसेच झोपतही जास्त होते, दुपारची डुलकी धरून. हे मात्र कोणी पोस्टरवर छापत नाही.

कोपरीचा_कोपरा

ताई, मी ठाणे पूर्वेची, कोपरीची. डावा कोपराच खेळायचे, २००४ पर्यंत. आता खेळाडू कोट्यातली नोकरी करते आणि शनिवार-रविवार पोरींना शिकवते. पंत म्हणतात ते उंच उडीला ठीक आहे. उंच उडीतली दांडी तुम्हाला हुलकावणी देत नाही.

आधी त्या दुसऱ्या पोरीबद्दल. गावातली आहे म्हणालात ना? तिच्या घरात कोण कोण कबड्डी खेळलंय ते जरा विचारून या. माझी पैज आहे, ती सहा-सात वर्षांची असल्यापासून चुलतभावांच्यात घुसून खेळत असणार. ओटीसमोर, मे महिन्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. ते तास कोणी वहीत लिहिले नाहीत. तुमची मुलगी अकराव्या वर्षी सुरू झाली. तुम्ही दोघींना एका रेषेवर उभं करताय, पण ती पोरगी आधीच अर्धं मैदान पळून आलीय. सरावाला ती टंगळमंगळ करते कारण तिचा सराव तिथे होतच नाही. (शिस्त नाही हे वाईटच. माझ्याकडे असती तर मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.)

आता माझं सांगते, जरा लांबेल.

मीही दोन मोसम राखीव होते. आमच्या विरुद्धच्या एका संघात एक चढाई करणारी होती. उंच, लांब पायांची, नेहमी डाव्या कोपऱ्याकडेच यायची आणि बोनस घेऊन जायची. बाकावर बसून दुसरं काय करणार, मी तिच्याकडेच बघायचे. तिसऱ्या का चौथ्या सामन्याला लक्षात आलं. बोनसला जायच्या आधी ती उजवा तळहात शॉर्टला पुसते. नुसती हुल द्यायची असेल तर पुसत नाही. तिचं तिलाही माहीत नसणार.

ज्यांना बोनस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस मिळतो. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या वेळी मागचा पाय हवेत पाहिजे. म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती बाई एका पायावर उभी असते. कोपऱ्याचा सगळा जीव तेवढ्या वेळात. पुढचा पाय हवेत असताना झेप घेतली तर ती तो मागे खेचते आणि तुमच्या हाताला वारा लागतो. मागचा पाय खाली येऊ दिलात तर दोन पायांच्या ताकदीशी गाठ. मधल्या वेळात जायचं. डोकं बाहेरच्या अंगाला, खांदा तिच्या पायाला चिकटलेला, दोन्ही हात घोट्याभोवती, आणि घोटा वर उचलायचा. नुसता ओढलात तर ती तुम्हाला गोणीसारखी फरफटत मध्यरेषेपर्यंत नेते.

आमच्या चाळीच्या मागे मोकळी जागा होती. तिथे चुन्याने रेषा मारल्या. बायकांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा (चढाईवालीने निदान एवढी तरी ओलांडायची ती) आणि तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा, अगदी टेपने मोजून. धाकट्या भावाला चढाईला उभा केला, रोजचा एक वडापाव कबूल करून. त्याला सांगितलं, कधी हात पूस, कधी पुसू नकोस. सहा महिने. तो तापाने पडला तेव्हा मी आजीला उभं राहायला सांगितलं, तर म्हणाली, "हे पाय मला वर घेऊन जायचेत, तुझ्या हातात नाही द्यायचे."

मग एका स्पर्धेत उपांत्य सामन्याला आमच्या कोपऱ्याचा पाय मुरगळला आणि मी आत. समोर तीच. दोन चढाया नुसत्या हुलीच्या. तिसऱ्या वेळी हात शॉर्टला गेला आणि मी गेले. घोटा हातात. वीस वर्षं झाली, तो घोटा माझ्या तळहातांना अजून आठवतो. घामाने बुळबुळीत आणि वर मातीचा थर. मी उचलला, ती पालथी पडली आणि मी वाट बघतेय. माझ्यावर कोणी येईना.

साखळीत माझा हात धरून जी उभी असायची ती त्या चढाईवालीच्या हाताकडे बघत होती, टच होईल म्हणून. ती आली, कव्हरपण (कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभी असते ती) आली, पण तोवर समोरची कोपरावर सरपटत गेली आणि मधलं बोट मध्यरेषेला लागलं. आम्ही तिघी अंगावर, तिघी बाद. दोन गुणांनी सामना गेला.

आठ दिवस मी त्या पोरीशी बोलले नाही. मग तिनेच विचारलं, "पण ती बोनसला येणार हे तुला कसं कळलं?" आणि माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. हात पुसण्याची गोष्ट मी कोणाला सांगितलीच नव्हती! माहेरच्या दागिन्यासारखी जपून ठेवली होती. सहा महिने राबले ती भावाबरोबर, आणि भाऊ काही सामन्यात माझा हात धरून उभा राहणार नव्हता.

ताई, कोपरा कितीही ताकदीचा असला तरी चढाईवालीला एखादा सेकंद अडकवून ठेवतो, बस. पकड पुरी करतात त्या बाकीच्या. तुमच्या लिहिण्यात मला ते दोनशे सपाटे नाही खटकले. ती गच्चीवर एकटी असते, ते खटकलं. सपाट्याने छाती-दंड होतील. समोरचा पाय कधी टेकणार आणि शेजारची कधी निघणार हे सपाट्यात कळत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी खूण ठरवली. साखळीत हात धरलेला असतोच. मी एकदा दाबला की मी निघाले. दोनदा दाबला की थांब, हुल आहे. त्याचा सराव केला. आधी चुकायचो, मग हसायचो, मग जमायला लागलं.

ती चढाईवाली पुन्हा समोर आलीच नाही. लग्न झालं, पनवेलकडे दिली म्हणे, खेळ सुटला. जिच्या एका घोट्यासाठी वर्ष घातलं ती गेलीच. इतर घोटे पुष्कळ मिळाले.

एक प्रश्न घरी विचारा: सरावात साखळी लावतात तेव्हा तुझा हात कोण धरतं?

तलावपाळीचा_वारा

कोपरीताईंना दंडवत. एक भर घालतो. महिला कबड्डी एशियाडमध्ये आली २०१० ला. २०१० आणि २०१४, दोन्ही सुवर्णं आपली. २०१८ ला जकार्ताच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७-२४ हरवलं. आणि इराणच्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. तिकडे जाऊन फारसी शिकल्या, पोरींकडून योगासनं-प्राणायाम करून घेतले. इराणी मुली काय कबड्डी उपजत घेऊन आल्या होत्या? आपल्या मुलींनी मेहनत कमी केली असंही कोणी म्हणणार नाही. पण समोरच्या संघाला आपला खेळ आतून माहीत होता.

खारा_दाणा

मग २०२३ च्या हांगझोऊच्या अंतिम सामन्याचं काय? आपण सुवर्ण घेतलं, चायनीज तैपेईवर २६-२५. एका गुणाने. तो एक गुण मेहनतीचा की नशिबाचा, सांगा बघू.

तलावपाळीचा_वारा

पंचवीसपर्यंत कशामुळे पोचलो ते आधी तुम्ही सांगा.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे आभार. तीनदा वाचलं.

कोपरीताई, पैज तुम्ही जिंकलात. त्या मुलीचे वडील, दोन काका आणि आत्या, सगळे खेळलेले. आत्या तर अजून चाळिशीत भाचरांच्या पकडी करते म्हणे. आणि मी मात्र दोन वर्षं त्या पोरीला मनातल्या मनात आळशी म्हणत होते.

तुमचा प्रश्न लेकीला विचारला. ती म्हणाली, "आई, राखीवचा हात कोण धरणार? साखळी लावतात तेव्हा आम्ही कडेला बसून असतो. नाहीतर पाणी भरतो."

चार वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी फी भरली, डबे दिले, नी-कॅप आणल्या आणि सपाटे मोजले.

पंत, झोप साडेपाच तास निघाली. सोमवार ते शुक्रवारची पहाटेची गच्ची बंद केली. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी सातपर्यंत झोपली. वरच्या काकांनी ग्रुपवर विचारलंय, "मुलीची तब्येत बरी आहे ना?"

ताई, एक शंका. घोट्याचा सराव गच्चीवर चालेल का? खाली काय अंथरू? जुन्या गाद्या आहेत.

कोपरीचा_कोपरा

अजिबात नाही. गच्चीचा कोबा आणि वर सरकणारी गादी म्हणजे गुडघ्याला आमंत्रण. माझा गुडघा २००४ मध्ये एका स्पर्धेत गेला. मैदान नीट चाळलेलं नव्हतं, खडी राहिली होती. वळताना पाय अडकला, मांडी फिरली आणि नडगी तिथेच राहिली. फट् असा आवाज मी स्वतः ऐकला. लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा बंध. आयोजकांनी शाल-नारळ दिला. वळणं आणि उड्या असलेल्या खेळांत मुलींचं हे लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा जातं, म्हणून उडीवरून उतरताना गुडघे आत पडत नाहीत ना, ते आधी बघा. आरशासमोर उडी मारायला लावा, लगेच दिसतं.

सराव मैदानावरच करा. पाच वाजता पोचा, अर्धा तास आधी. सरांकडे साखळीची भीक मागू नका, राखीव तिघी-चौघी तुमच्या तुम्ही लावा. आणि जमलं तर त्या गावातल्या पोरीलाच बोलवा. ती सपाटे मारणार नाही, पण घोट्याला नाही म्हणणार नाही.

ऐरोलीची_आई

थोडक्यात खबर देते, कारण ऑफिसात आहे.

बोलावली. रविवारी सकाळी मैदानावर सहा जणी जमल्या, ती धरून. वेळेवर आली चक्क! चढाई करायला कोणी तयार नव्हती, सगळ्यांनाच पकडायचं होतं. शेवटी माझ्या नवऱ्याला उभा केला. ट्रॅक पँट घालून आला, आधी पंधरा मिनिटं नियम समजावून घेतले, मग दर वेळी मुद्दाम हात पुसून दाखवायला लागला. ती गावातली पोरगी म्हणाली, "काका, असं नाही पुसत कोणी, तुम्ही जेवून उठल्यासारखं करताय." मग तिने माझ्या मुलीचा हात धरला आणि सांगितलं, मी दाबेन, तू बघू नकोस, नुसती ये. पहिल्या तीन वेळा माझी उशिरा गेली. चौथ्यांदा दोघी एकदम निघाल्या. नवरा आडवा.

पुढच्या रविवारी पुन्हा ठरलंय. चढाईला दुसरा माणूस शोधतेय, कारण हा कालपासून कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडलाय. कंबरेवर कोणाकडे चांगला उपाय असेल तर सांगा, वेगळा धागा काढते.